नाहूरचा कान

७ डिसेंबर

उशीर झाला. ही वही श्रुतिकाने पाडव्याला दिली आणि मी ती आज उघडतोय, म्हणून आधी वहीची माफी मागतो. म्हाताऱ्या माणसाने कोऱ्या वहीची माफी मागायची, असे दिवस आले. पण नात रोज विचारते, "आजोबा, लिहिलं का?" आणि मी रोज "हो" म्हणतो. एवढं खोटं बोलायची मला सवय नाही.

तिचं म्हणणं, इंजिनाचं जे तुमच्या डोक्यात आहे ते कागदावर येऊ दे. माझ्या डोक्यात काय आहे? कान आहे. तो कागदावर कसा उतरवायचा ते हिच्या कॉलेजात शिकवलं असेल तर मला माहीत नाही. मी सातवी नापास. तरी लिहितो. कोणी वाचायचं नाही, या बोलीवर.

मी धोंडू परब. नाहूरला नव्या टॉवरांच्या पाठी, रेल्वेच्या भिंतीला लागून माझं पत्र्याचं गॅरेज आहे. मी फक्त टू-स्ट्रोक मोटरसायकली हातात घेतो. फोर-स्ट्रोक म्हणजे सरकारी कारकून. एका कामाला चार फेऱ्या मारतो आणि वर दमल्यासारखं दाखवतो. हौशी पोरं रविवारी मातीच्या मैदानावर शर्यती लावतात, त्यांच्या गाड्या मुलुंडपासून अंधेरीपर्यंतच्या माझ्याकडे सेटिंगला येत. मला 'नाहूरचा कान' म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे. इंजिन काय हवं ते सांगतं. मग जेट बदलायचा. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला भोक पाडलेला पितळी स्क्रू. भोक मोठं तर पेट्रोल जास्त, इंजिन घोगरं बोलतं. भोक लहान केलं की इंजिन सुरात येतं, पळतं. फारच लहान केलं तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. मग मागचं चाक चालत्या गाडीत जागच्या जागी बसतं आणि वरचा माणूस कुठे पडेल ते देवाला माहीत. त्या जाम होण्याच्या जरा अलीकडे थांबायचं. कुठे थांबायचं ते कान सांगतो. एवढंच शास्त्र. आता वहीत लिहून झालं, वही बंद करायला हरकत नाही.

काल सहा डिसेंबर होता. माझा जुना भागीदार खंडू चैत्यभूमीला गेला असेल. इतकी वर्षं तिथून येताना तो माझ्यासाठी एक पुस्तक आणायचा. मी ते वाचायचो नाही आणि तो विचारायचा नाही. यंदा आला नाही. न येऊ दे.

११ डिसेंबर

श्रुतिका ऑफिसातून सरळ गॅरेजवर आली. विम्याच्या कंपनीत नोकरी करते, दिवसभर दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद तपासते, आणि हिला हौस कसली बघा.

"आजोबा, नाव दिलं."

"कसलं नाव?"

"अठरा जानेवारी. कल्याणच्या पुढचं मैदान. टू-स्ट्रोकचा गट."

"त्या गटात पोरी असतात?"

"आता असेल ना एक."

"बापाला विचारलंस?"

"बाबा मस्कतला आहेत. तुम्ही इथे आहात."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर मी तुमच्या इंजिनावर बसणार कशी? म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

ही पोरं बोलण्यात हुशार असतात, बाकी शून्य. मी म्हटलं, पडलीस तर माझ्याकडे रडत यायचं नाही. रात्री जेवण गेलं नाही. बायकोने, शेवंतीने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, भाजीत मीठ नाही. भाजीत मीठ होतं.

१४ डिसेंबर

नवीन कुकर भिकार आहे. शिट्टीच वाजत नाही. शेवंती खालच्या मजल्यावर कुंदाकडे हळदीकुंकवाचं बोलायला गेली आणि मला सांगून गेली, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी कुकरसमोर पेपर घेऊन बसलो. एकही झाली नाही. ती परत आली तेव्हा घरभर वास.

"डाळ जळली मां! जिन्यातसून शिट्ट्यो ऐकाक येतत, तुमी हयच बसलास!"

आमच्याकडे कोकणातून माणूस मुंबईत आला, पण त्याची जीभ अजून एसटीतच बसलीय. मी म्हटलं, कुकर बदलून आण. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

गॅरेजमागच्या जांभळावर थंडीत पोपट यायचे, कलकलाट असायचा. यंदा एक नाही. टॉवरवाल्यांनी झाडंसुद्धा मुकी करून टाकली. श्रुतिका मात्र त्या झाडाखाली मोबाईल वर धरून कसले तरी फोटो काढत हसत उभी होती. नुसत्या पानांचे फोटो! म्हणे नेटवर टाकायचे.

१८ डिसेंबर

मुलुंडचा तो चष्मेवाला आला. त्याची गाडी मागच्या आठवड्यात सेट करून दिली होती. पूर्व द्रुतगती मार्गावर पिस्टन जाम. माणूस वाचला, नशीब. पिस्टन बघितला, बाजूने ओरबाडलेला. मी त्याला स्पष्ट सांगितलं, पिस्टन डुप्लिकेट आहे. मला म्हणाला, "काका, पिस्टन तुम्हीच आणून बसवला होता." मग मलाच डुप्लिकेट मिळाला असेल. बाजारात सगळं डुप्लिकेट आहे, माणसंसुद्धा.

त्यानंतर समोरच्या टॉवरमधली गंधाली नावाची सोसायटीची सेक्रेटरीण आली. धूर नको म्हणून तोंडावर ओढणी बांधलेली, आणि ओढणीच्या आत काय पुटपुटत होती तिचं तिला माहीत. मी म्हटलं, बाई, तक्रार करायची तर तोंड उघडून करा. तिने ओढणी खाली केली.

"अहो काका, आवाज! माझ्या पोरांची परीक्षा आहे. ही तुमच्या नातीची गाडी पूर्वी एवढी ओरडत नव्हती."

"ओरडते कुठे? घसा बसल्यासारखी बोलते. अजून मोकळी करायचीय."

बाई कानावर हात ठेवून निघून गेली. शिकलेल्या लोकांना मोटार हवी, पण तिचा आवाज नको. यांना भूक लागते का, की तीपण फोनवरून मागवतात?

२३ डिसेंबर

आज घाटकोपरचा मिथुन आला होता. श्रुतिकाने बोलावला असणार, दोघं कबूल करत नाहीत. हा स्वतःला ट्यूनर म्हणवतो. दाढी कोरलेली, हाताला ग्रीसचा डाग नाही. लॅपटॉप उघडून गॅरेजमध्ये उभा राहिला, लग्नात जेवणाची कुपनं फाडणारा असतो तसा. म्हणे सायलेन्सरला उष्णतामापक लावू, आकडा बघू, आकड्यावरून जेट ठरवू.

मी म्हटलं, "ताप बघायला ज्याला थर्मामीटर लागतो तो डॉक्टर नवीन असतो. जुना डॉक्टर कपाळाला हात लावतो."

"आजोबा, नवीन पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. त्याला मोठा जेट लागतो. जुन्या अंदाजाने गेलात तर वाट लागेल."

"पेट्रोलची वाट मी तुझ्या बापाच्या लग्नाआधीपासून बघतोय."

तेवढ्यात श्रुतिकाने तिच्या गाडीचा प्लग काढून माझ्यासमोर धरला. पांढरा पडला होता. तिला कोणीतरी शिकवलंय, प्लग पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, चॉकलेटी म्हणजे बरोबर. कोणी शिकवलं ते मला ठाऊक आहे. खंडूचं हे वेड. लहानपणी हिला मांडीवर बसवून प्लग दाखवायचा, जशी काही रंगपेटीच. मी कितीदा सांगितलं, प्लग बघणं म्हणजे जेवण झाल्यावर रिकामं ताट बघून मीठ किती होतं ते सांगणं.

ती म्हणाली, "खंडूआजोबांना एकदा दाखवूया का? वाकोल्याला तर राहतात. मी गाडीवर घेऊन येते त्यांना."

माझा पारा चढला. मी म्हटलं, जा, त्याच्याकडेच ने तुझी गाडी, आणि मग इथे पाय ठेवू नकोस. मिथुनने लॅपटॉप मिटला. पोरीने प्लग परत बसवला. जरा वेळाने म्हणाली, "तुमचीच सेटिंग, आजोबा. दुसऱ्या कोणाची नाही." मग कसं बरं वाटलं.

२८ डिसेंबर

सरावाला कल्याणच्या पुढे गेलो. मिथुनच्या टेम्पोत गाडी टाकून. मैदान म्हणजे कोणाचं तरी पडीक शेत, मधे टायर रचून वळणं केलेली, कडेला वडापावची गाडी, आणि प्रत्येक पोरगा असा चालतो जणू मागे कॅमेरा आहे.

श्रुतिका सहाव्या फेरीला सरळ पट्ट्यावर होती. गाडी मला अजून घोगरीच वाटत होती, मी मनात म्हणत होतो, अजून एक नंबर लहान जेट घालू. आणि मागचं चाक बसलं. गाडी आडवी झाली, ती घसरत टायरांपर्यंत गेली. मी धावलो. या वयात किती धावणार? माझ्या आधी मिथुन पोहोचला. ती उठून बसली होती, हेल्मेटमधून काहीतरी सांगत होती. मला एक अक्षर कळलं नाही, मी नुसता "काय? काय?" करत तिच्याभोवती फिरत राहिलो. हेल्मेट काढल्यावर म्हणाली, "काही नाही झालं, आजोबा. तुम्ही बसा आधी."

कोपर सोलवटलंय. हाड शाबूत आहे. मी तिच्या हातावर पाणी ओतलं.

मिथुन म्हणाला, "आजोबा, दोन फेऱ्या आधीपासून टिणटिण येत होतं, पिस्टन जाम होण्याआधी येतं तसं. मला कडेला उभं राहून ऐकू आलं."

मला आलं नाही. मला आलं नाही म्हणजे नव्हतंच. त्याच्या कानात दिवसभर गाण्याची बोंडकं असतात, त्याला काय ऐकू येणार!

३० डिसेंबर

शेवंती दोन दिवस बोलत नाही. भांड्यांशी बोलते, माझ्याकडे पाठ करून. पाठीमागून बोलायची घरात सगळ्यांनाच सवय लागलीय. समोर येऊन बोलायला कमीपणा वाटतो.

दोष पेट्रोलचा आहे, हे मी श्रुतिकाला समजावलं. तिने मान डोलावली.

खंडूचं लिहितो, म्हणजे डोक्यातून जाईल. आम्ही एकाच गिरणीत होतो. मी साचेखात्यात, कापड विणायला. तो रिंग खात्यात, सूत काढायला. त्याला साच्यावर घेत नसत. तुटलेला धागा साचेवाला तोंडाने ओढून घेतो, त्याच्या तोंडचा धागा बाकीच्यांना चालणार नव्हता. सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं, मीपण नाही. आमच्या साचेखात्यात हजार साचे एकदम आदळायचे, कानाशी ओरडलेलं कळायचं नाही, म्हणून आम्ही ओठांवरून बोलणं वाचायचो. लांबच्या रांगेतला माणूस जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, काय शिवी देतो ते मला इथून कळायचं. संप झाला, गिरणी गेली, आणि आम्ही दोघांनी मिळून हे गॅरेज घातलं. इंजिन चालू असताना बोलता यावं म्हणून मी त्याला ओठ वाचायला शिकवलं. चांगलं शिकला.

मी ऐकायचो, तो पाने चालवायचा. कान माझा, नाव माझं. आणि मागच्या होळीला एका गिऱ्हाइकाच्या तोंडून कळलं की मी सेट केलेल्या गाड्यांचे जेट हा मागाहून बदलतो. एक नंबर मोठा घालतो. मी घरी गेलो की. विचारलं तेव्हा लपवलं नाही.

म्हणाला, "धोंड्या, दोन-तीन वर्षं झाली. तुला सांगणार होतो. डॉक्टरला दाखव एकदा."

मला! डॉक्टरला! मी म्हटलं, चालता हो. त्याचा पोरगा किरण त्याला घेऊन गेला वाकोल्याला. जाताना खंडूने आपली निळ्या नेलपॉलिशची बाटली तेवढी खिशात घातली. सेटिंग झाली की स्क्रूवर निळा ठिपका लावायची त्याची पद्धत, कोणी हात लावला तर कळावं म्हणून. चोराने कुलूप लावावं तसं.

एवढ्या वर्षांचा माणूस, आणि पाठीमागून माझ्या कामात बोट घालतो. याचं उत्तर वहीला देता येत असेल तर द्यावं.

४ जानेवारी

नवीन पिस्टन, सिलिंडर घासून आणला. इंजिन जुळवलं. हल्ली स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाऐवजी दातात धरतो, तसं जास्त स्पष्ट येतं. ही माझी नवीन शोधलेली पद्धत, मिथुनला सांगणार नाही.

श्रुतिका गल्लीत दोन चकरा मारून आली. हेल्मेट घालून माझ्यासमोर थांबली, आतून काहीतरी बोलली. मी म्हटलं, "काच वर कर." काच वर केली तरी हनुवटीचा भाग असतोच, आत कोण बडबडतंय की जांभई देतंय कळत नाही. ही हेल्मेटं बनवणाऱ्यांना तोंड नसतं काय?

तिने हेल्मेट काढलं.

"एक्सलेटर वर नेला की बारीक टिणटिण येतं, आजोबा. डब्यात खडे हलवल्यासारखं."

"बक्कल वाजत असेल हेल्मेटचं."

"असेल," ती म्हणाली.

पोरगी समजूतदार आहे, आईवर गेलीय. गाडी मात्र घोगरीच आहे. अजून पडदा आहे तिच्या आवाजावर.

९ जानेवारी

माझी स्वतःची आरएक्स, जी मी भाजी आणायला वापरतो, ती एकच गाडी आजवर कधी रुसली नाही. मिथुनला मी हेच सांगत असतो, बघ, ही माझ्या हातची, वर्ष होत आलं, उघडली नाही.

आज म्हटलं तिचा जेट कुठला आहे बघू, तोच श्रुतिकाच्या गाडीला घालू. कार्बोरेटर खाली घेतला. स्क्रूवर निळा ठिपका.

जेट माझ्या अंदाजापेक्षा दोन नंबर मोठा. म्हणजे माझ्या गाडीलाही त्याने सोडलं नाही. संताप आला. तिथल्या तिथे काढून फेकणार होतो. मग म्हटलं, गाडी चालतेय, उगाच कशाला? होता तसा परत बसवला.

चालतेय, कारण मुळात इंजिन मी बांधलंय. जेटने काय होतं?

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळपासून सगळे गोड बोलतायत. वर्षभर एकमेकांच्या दारात कचरा लोटणारे आज तीळ वाटत फिरतात.

दुपारी गॅरेजमध्ये एकटाच होतो. शर्यतीची गाडी स्टँडवर, समोर माझी आरएक्स उभी. मी खाली बसून मूठ दातात धरली, दुसऱ्या हाताने एक्सलेटर वर नेला. घोगरी. बंद केली, जेट काढला, आणखी एक नंबर लहान घातला. पुन्हा चालू केली, वर नेली. तरी तशीच, गोधडीतून बोलल्यासारखी. मी म्हटलं, अजून वर नेऊ.

डोळे उघडे होते म्हणून दिसलं. माझ्या आरएक्सचा गोल आरसा समोर होता. आरशात श्रुतिका. ऑफिसातून लवकर आली असणार, हातात तिळगुळाचा डबा. माझ्या पाठीशी उभी होती, हात लांबवला तर लागेल एवढी जवळ. तिचं तोंड हलत होतं.

साचेखात्यातली सवय जात नाही. मी वाचलं.

"आजोबा, बंद करा."

मी मान वळवली नाही. का ते माहीत नाही. बघत राहिलो.

"आजोबा, टिणटिण करतंय. जाम होईल. आजोबा!"

तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. ती हळू बोलत नव्हती, ओरडत होती. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बाया थांबून बघायला लागल्या होत्या. वर गॅलरीत ती गंधाली कानात बोटं घालून उभी होती. आणि माझ्या कानात फक्त ती घरघर, आणि तिच्या मागे काही नाही. टिणटिण नाही. माझ्या नातीचा आवाज नाही.

मग तिने खांद्याला हात लावला. मी वळलो, आत्ताच कळल्यासारखं केलं.

"काय गं, कधी आलीस?"

"आत्ताच," ती म्हणाली. तोंड माझ्यासमोर आणून म्हणाली, नीट सावकाश, एकेक शब्द. आता आठवतंय, ती माझ्याशी कधीपासून अशीच बोलते. मला वाटायचं, विम्याच्या कंपनीत असं बोलायला शिकवतात.

तिने हात पुढे करून चावी फिरवली, गाडी बंद केली. तिळगूळ दिला.

"झाली का सेटिंग?"

"तुला कशी वाटते?"

"तुम्ही केलीय ना? मग झाली."

आणि डबा घेऊन घरी गेली. म्हणजे ती बसणार होती. खडे वाजताना ऐकत ऐकत रविवारी त्या गाडीवर बसणार होती, कोपराची खपली अजून निघाली नाही. मला बोलली नसती. मी तिला त्या दिवशी खंडूवरून जे बोललो त्यानंतर कशी बोलणार? मुलुंडचा चष्मेवालापण वाचला, तो नशिबाने. पोरीच्या नशिबाची परीक्षा मी घेत होतो, दातात स्क्रूड्रायव्हर धरून.

जेट काढून टाकला. गाडी तशीच उघडी ठेवून आलो. घरी शेवंती ओट्याशी उभी होती, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, माझ्याकडे बघून बोल काय ते. ती वळली. पदराने डोळे पुसले आणि पानं वाढली.

१५ जानेवारी

खंडू,

हे पान तुझ्यासाठी. वही कोणी वाचायची नाही म्हणून मी बोली घातली होती, ती मीच मोडतोय. श्रुतिका या पानाचा फोटो काढून किरणच्या मोबाईलवर पाठवील. मागची पानं पाठवणार नाही, त्यात तुझी स्तुती नाही.

तू पाठीमागून माझे जेट बदललेस, ते मला अजून पसंत नाही. ते भेटल्यावर बोलू, आणि मी बोलणारच. तोंडावर सांगितलं असतंस तर मी तुला चालता केला असता, हे खरं, पण सांगायला हवं होतंस. सांगितलंस तेव्हा मी चालता केलाच. बरं, ते राहू दे.

रविवारी श्रुतिकाची शर्यत आहे, कल्याणच्या पुढे. इंजिन मी बांधलंय, त्यात खोट नाही. पिस्टन नवीन, घासकाम चांगलं. जेटची जागा रिकामी ठेवलीय. पेट्रोलपण आता पूर्वीचं राहिलं नाही, असं तो दाढीवाला पोरगा म्हणतो, आणि मला त्याचं खरं मानायची लाज वाटते. प्लग तू बघ. तुझ्या त्या चॉकलेटी रंगावर मी आयुष्यभर हसलो. आता भरवशाचं माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही. येताना निळी बाटली आण. सुकली असेल तर श्रुतिकाकडे आहे, तिने परवाच घेतली. निळीच का घेतलीस, विचारलं तर म्हणाली, सहज.

शेवंती म्हणते, शर्यत झाली की सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे. तुझीपण साक्ष लागेल म्हणते, कारण तिथे मी खोटं बोलेन.

तू आला नाहीस तर पोरीला बसू देणार नाही. गाडीची चावी माझ्या खिशात आहे. ती रडेल, पण घरात रडेल. ते मला चालेल. पण ती महिनाभर पहाटे उठून सराव करतेय, खंडू, आणि चांगली चालवते. तू बघितलेली नाहीस. वळणावर गुडघा कसा सोडते ते बघायला तरी ये.

येतोस की नाही ते उद्यापर्यंत कळव. किरणकडून लिहून पाठव, नाहीतर सरळ येऊन गॅरेजच्या दारात उभा राहा. पण फोन करू नकोस. फोनवर तुझं तोंड दिसत नाही.

लवकर कळव.

धोंडू